सापडलं तर सांगायचं कुणाला?

जगात जिथे जिथे मेटल डिटेक्टर घेऊन हिंडणारे हौशी लोक आहेत तिथे त्यांच्यात एक प्रश्न हमखास निघतो, तुला आजवर सापडलेल्यातली लक्षात राहिलेली वस्तू कोणती? मग उत्तरं सुरू होतात. कुणाला नांगरलेल्या शेतात रोमन नाणं मिळालेलं असतं, कुणाला जुन्या सैनिकाच्या कोटाचं बटण, कुणाला समुद्रावर कुणा बाईची हरवलेली लग्नातली अंगठी. हे सगळं आता आपल्याकडची पोरंही यूट्यूबवर बघतात, मशीन ऑनलाइन मिळतं, कुरियर दापोलीपर्यंत येतो, आणि हल्ली सकाळच्या ओहोटीला हेडफोन लावून वाळूवर कॉइल, म्हणजे मशीनच्या टोकाची चकती, फिरवणारा एखादा पोरगा दिसतो. त्याच्याबद्दल गावात दोनच गोष्टी बोलल्या जातात, एकतर ‘गुप्तधन शोधतोय मेला’ नाहीतर ‘पोलिसात द्या त्याला’. मला दोन्ही पटत नाहीत. माझं म्हणणं आहे की कोकणात जुन्या वस्तू डिटेक्टर असो नसो सापडतच असतात, पाया खणताना, हळद काढताना, विहीर उपसताना, आणि सापडल्यावर सांगायला एक माणूस, एक ठिकाण, एक पावती एवढंसुद्धा आपण ठेवलेलं नाही. ही सोय आधी झाली पाहिजे. ती नसेल तर डिटेक्टरवर बंदी घाला नाहीतर मोकळीक द्या, नुकसान तेवढंच होणार आहे.

आमच्या शेजारच्या काकूंच्या देव्हाऱ्यात एक शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं जुनं नाणं, आहे. तांब्याची, एका बाजूला तीन ओळीत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांची कड, पण ठसा जरा सरकलेला म्हणून कड एका अंगाला अर्धीच आलेली. अक्षरांच्या खाचेत हळदकुंकू इतकं बसलंय की ‘शिव’मधला ‘व’ बोट फिरवूनच कळतो. काकू दर दिवाळीला ती बाकीच्या देवांबरोबर चिंचेनं घासतात, त्यामुळे लखलखीत आहे, आणि जुन्या तांब्यावर शेकडो वर्षांत चढणारा जो हिरवा-काळा थर असतो तो पार गेलाय. मी विचारलं कुठे मिळाली, तर म्हणाल्या परड्यात, हळद खणताना, सासूबाईंच्या वेळेला. मग लगेच आवाज उतरवून म्हणाल्या, ‘कुणाला बोलू नको हो, उगाच बभ्रा नको.’

त्या परड्यात ती एकटीच होती का आणखी होत्या, किती खोलवर होती, बरोबर खापरं होती का, जळकी माती होती का, हे आता कुणीच सांगू शकत नाही. शिवराईची चोरी झाली नाही, ती विकली गेली नाही, काकूंनी तर तिला देवात बसवलं. तरीही इतिहासाच्या दृष्टीनं तिचं अर्ध्याहून जास्त गेलं, कारण ती जिथे होती ती जागाच बोलायची बंद झाली. नाण्यावर काय लिहिलंय ते शेकडो शिवरायांवर सारखंच असतं, एखादी शिवराई नेमकी कुठल्या गावच्या, कुठल्या वाडीच्या, कुठल्या थरात मिळाली हे मात्र त्या एकीलाच माहीत असतं.

आता इंग्लंडचं एक उदाहरण देतो, कारण ते मला फार महत्त्वाचं वाटतं. १६ नोव्हेंबर १९९२ ला सफोकमधल्या हॉक्सन गावात एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्यानं आपल्या ओळखीच्या एरिक लॉज या निवृत्त माणसाला डिटेक्टर घेऊन बोलावलं. हातोडा शोधताना सिग्नल आला आणि चांदीचे चमचे, सोन्याची नाणी वर यायला लागली. लॉजनी थोडं काढलं आणि हात थांबवला. पोलिसांना आणि कौन्सिलला कळवलं, दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाले आले आणि त्यांनी सगळा साठा जिथल्या तिथे मोजूनमापून उचलला. १४,८६५ नाणी निघाली, शिवाय चांदीची भांडी आणि सोन्याचे दागिने. पण मला त्या आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. ज्या लाकडी पेटीत हे ठेवलं होतं ती कधीच कुजून गेली होती, तरी वस्तू जागेवर होत्या म्हणून पेटी केवढी होती, आत छोट्या पेट्या कशा होत्या, कुठली भांडी कशात गुंडाळून ठेवली होती हे सगळं कळलं. छोट्या पेट्यांची चांदीची कुलुपंसुद्धा मिळाली. सोळाशे वर्षांपूर्वी एका घाबरलेल्या श्रीमंत कुटुंबानं सामान कसं बांधलं असेल ते आज सांगता येतं, आणि ते एका हौशी माणसानं वेळेवर हात थांबवला म्हणून. तेव्हाच्या हिशेबानं साडेसतरा लाख पौंड बक्षीस मिळालं, ते त्यानं शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडाही नंतर सापडला, तो सुद्धा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

दुसरं उदाहरण सॉमरसेटमधल्या फ्रोमचं, २०१० सालचं. डेव्ह क्रिस्प नावाच्या हौशी माणसाला एक मडकं लागलं, त्यानं वरची काही नाणी बघितली आणि खणणं बंद करून तज्ज्ञांना बोलावलं. त्या एका मडक्यात ५२,५०३ रोमन नाणी होती. ती थराथरानं काढली तेव्हा दिसलं की त्यातली उशिराच्या काळातली नाणी वर नव्हती, बरीच मडक्याच्या खालच्या अर्ध्या भागात होती. म्हणजे कुणी वर्षानुवर्षं त्यात थोडी थोडी बचत टाकत आलं नव्हतं, एकदमच ओतली होती, आणि त्यावरून हे दैवताला वाहिलेलं द्रव्य असावं का अशी चर्चा सुरू झाली. तेच मडकं रात्री दोघांनी गोणीत उपडं केलं असतं तर नाणी तेवढीच राहिली असती, ही गोष्ट मात्र कुणाला कळली नसती.

आपल्याकडे असं कधी झालंच नाही असं नाही. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, १३,२५० च्या आसपास नाणी. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं परत आपला ठसा मारलेला आहे. सातवाहनांनी क्षत्रपांना हरवलं याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा क्वचितच असेल, आणि तो पुरावा कुठल्या एका नाण्यात नाही, तर किती नाण्यांवर ठसा आहे आणि किती तशीच राहिली त्या हिशेबात आहे. साठा सराफांकडे दहा-दहा, वीस-वीस करून गेला असता तर तो हिशेब कुणी मांडला असता? पोथीची पानं सुटी करून एकेकाला वाटून टाकल्यासारखं झालं असतं. कोकणातलं म्हणाल तर सोपाऱ्याचा स्तूप १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी उघडला तेव्हा दगडी पेटीच्या आत एकात एक बसवलेले करंडक, सोन्याची फुलं, बुद्धमूर्ती हे सगळं कुठलं कशात होतं ते त्यांनी लिहून ठेवलं, म्हणून आज एशियाटिक सोसायटीतल्या त्या वस्तू बघताना आपल्याला त्यांची मांडणी कळते.

मग आज कोकणात काय होतं? कोकण म्हणजे काही इतिहासाच्या कडेला पडलेला मुलूख नव्हे. चौल हे टॉलेमी या ग्रीक भूगोलकाराला आणि पेरिप्लस हे जुनं ग्रीक दर्यावर्दी पुस्तक लिहिणाऱ्याला माहीत असलेलं बंदर, तिथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात सातवाहन काळातली वस्ती आणि नाणी मिळालीत. दाभोळ हे आदिलशाहीतलं मोठं बंदर. कोल्हापूरला ब्रह्मपुरीत जी ब्राँझची पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची मूर्ती मिळाली ती घाट चढून वर गेली असणार, म्हणजे खालच्या कुठल्या तरी बंदरात उतरलीच असेल ना. रेवदंडा-वसईचे पोर्तुगीज, जंजिऱ्याचा सिद्दी, विजयदुर्ग-सुवर्णदुर्गाचं आरमार. अरबांच्या, इराण्यांच्या, पोर्तुगीजांच्या हातातून आलेला पैसा इथे फिरला, वाकवलेल्या चांदीच्या तारेची लारी नावाची नाणी इथल्या बंदरांवर चालायची. एवढा व्यवहार जिथे झाला तिथल्या मातीत काही नाही असं होईलच कसं.

आणि ही माती आता जितक्या वेगानं हलवली जातेय तेवढी आधी कधीच हलली नव्हती. हायवे, बंगल्यांचे प्लॉट, आंबा-काजूच्या नव्या लागवडीसाठी सपाट केलेले डोंगर, आणि चाकरमान्यांनी पाडून नव्यानं बांधायला काढलेली जुनी घरं. जेसीबीचा दात जोत्याखाली गेला आणि पितळेचं भांडं फुटलं की पुढचं सगळं तासाभरात आटपतं. मजूर, ड्रायव्हर, मुकादम यांची नजरानजर होते, वाटे पडतात, चांदी असेल तर चार दिवसांत वितळते, तांबं असेल तर भंगारात जातं, सोन्याचा तर विषयच नको. यात डिटेक्टरचा काही संबंध नाही. म्हणून जेव्हा लोक म्हणतात की डिटेक्टरवर बंदी आणली की वारसा वाचेल, तेव्हा मला प्रश्न पडतो की जो वारसा रोज विनाडिटेक्टर जातोय त्याचं काय.

लोक सांगत का नाहीत? लोभ आहेच, तो नाकारत नाही. पण मी जेवढ्यांशी बोललो त्यांच्यात लोभापेक्षा भीती जास्त दिसली, आणि ती भीती अगदीच खोटी नाही. आपल्याकडे अजून १८७८ चा इंग्रजांनी केलेला निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा कायदा चालतो. मूळ कायद्यात दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत लपवलेलं सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं, वस्तू सरकारी ट्रेझरीत जमा करायची किंवा तारण द्यायचं, मग कलेक्टर नोटीस काढणार, चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख लावून चौकशी करणार. नाही कळवलं तर तुमचा हिस्सा सरकारजमा आणि एक वर्षापर्यंत कैद. आणि सगळं सरळ झालं आणि सरकारनं ती वस्तू ठेवून घ्यायचं ठरवलं तर मोबदला काय? धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. आता काकूंची शिवराई घ्या, साधारण अकरा ग्रॅम तांबं, किलोला हजार रुपये भाव धरला तर अकरा रुपये, वर पाचवा हिस्सा दोन रुपये वीस पैसे, झाले तेरा रुपये वीस पैसे. यासाठी दापोलीहून रत्नागिरीला कलेक्टर कचेरीत कोण जाईल? एसटीचं भाडंही निघणार नाही. इंग्लंडनं १९९६ मध्ये जुने नियम बाजूला ठेवून नवा ट्रेझर अॅक्ट, म्हणजे निधीचा कायदा, केला, त्यात म्युझियमला वस्तू हवी असेल तर बाजारभावानं पैसे मिळतात, शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटणी होते. ज्यांनी आपल्याला १८७८ चा कायदा दिला त्यांनी आपलं घर कधीच दुरुस्त केलं, आपण मात्र तोच कागद घेऊन बसलोय.

कोकणात तर आणखी एक अडचण आहे जी इंग्लंडच्या शेतकऱ्याला समजणारच नाही, ती म्हणजे सातबारा. कायद्याप्रमाणे धन्याचा पत्ता नसलेल्या द्रव्यात शोधणाऱ्याला तीन हिस्से आणि जागेच्या मालकाला एक हिस्सा, ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्याकडे जागेचा मालक म्हणजे कोण? सातबाऱ्यावर पणजोबांची नावं, सामायिकात तीस-चाळीस माणसं, अर्धी मुंबईत, काही बडोद्याला, दोघांचा पत्ताच नाही, एका बहिणीनं हक्कसोड दिलेली नाही, कुळाचं नाव वेगळंच. अशा जमिनीत पितळेचा गडू निघाला हे बाहेर कळलं तर नाणी राहतील बाजूला, तीन पिढ्यांचे मिटलेले वाद परत कोर्टात जातील. काकू ‘बभ्रा नको’ म्हणतात ना, त्यात सरकार कमी आणि भाऊबंद जास्त आहेत. त्यामुळे नवीन कायदा करणाऱ्यानं हे आधी लक्षात घ्यायला पाहिजे की नोंद करणं आणि हक्क ठरवणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तरच कोकणातला माणूस तोंड उघडेल. वस्तूचा फोटो, वजन, जागा, खोली हे पहिल्या दिवशी नोंदवा, मालकीचं भांडण नंतर दहा वर्षं चालू दे, निदान माहिती तरी वाचेल.

नेमकं हेच इंग्लंड-वेल्समध्ये १९९७ पासून हळूहळू उभं केलं गेलं. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम म्हणतात त्याला. जिल्ह्याजिल्ह्यात एक माणूस नेमलेला असतो, त्याच्याकडे हौशी लोक आपल्या वस्तू घेऊन जातात, तो बघतो, मोजतो, फोटो काढतो, नोंदवतो, आणि कायद्यानं ट्रेझर ठरत नसेल तर वस्तू परत देतो. जागेची बारीकसारीक माहिती अभ्यासकांना मिळते, सगळ्यांना दिसणाऱ्या नोंदीत ती धूसर ठेवतात म्हणजे चोर रात्री त्या शेतात जाऊ नयेत. आज त्या नोंदवहीत १५ लाखांहून जास्त वस्तू आहेत. डेन्मार्कमध्ये तर २०१८ पासून हौशी लोक मोबाइलवरच जागेसकट नोंद करतात. मला यात सगळ्यात आवडतं ते हे की तिथल्या हौशी लोकांच्यात मान कुणाला मिळतो, तर ज्यानं वेळेवर हात थांबवला त्याला. भारी वस्तू सापडलेल्याला तो मिळतोच, पण जागेसकट नोंद केलेला माणूस जास्त मोठा मानतात, आणि ती सवय कायद्याच्या धाकानं आली नाही, ऐकून घेणारं कुणीतरी समोर बसलेलं होतं म्हणून आली.

यावर विरोधात जे बोलतात त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. चोर तिकडेही आहेत. २०१५ मध्ये हेरफर्डशरमध्ये लेमस्टरजवळ दोघांना व्हायकिंग काळातला साठा मिळाला, त्यांनी तो लपवला आणि विकायला काढला. सुमारे तीनशे नाणी असावीत असा अंदाज, तेव्हा हाती लागली फक्त एकतीस. त्या थोड्या नाण्यांनीसुद्धा वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि शेजारच्या मर्सियाचा राजा यांच्या नात्याबद्दलची समजूत बदलली, मग बाकीच्यांत काय होतं याचा विचार करा. २०१९ मध्ये कोर्टानं एकाला दहा आणि दुसऱ्याला साडेआठ वर्षांची शिक्षा सुनावली. आयर्लंडनं तर वेगळाच रस्ता धरला, १९८० मध्ये डेरिनाफ्लानला डिटेक्टरनं एक चांदीचा पवित्र प्याला सापडला, त्यावरून मोठी केस झाली आणि १९८७ च्या कायद्यानं परवानगीशिवाय जुन्या वस्तूंसाठी डिटेक्टर वापरणंच बंद केलं. आपल्याकडे तर याहून मोठी भीती आहे. मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याला, एका सिनेमात खजिन्याचा उल्लेख आला म्हणून, माणसं टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन रात्रभर शेतं खणत होती. हे आपल्या किल्ल्यांवर झालं तर?

तर व्हायला नको, आणि त्यात मी अजिबात मधला मार्ग काढणार नाही. खांदेरी, रायगड, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे पाच तर जुलै २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, पण यादीत नसलेल्या लहानशा गढीवरही कुणी कॉइल फिरवू नये. लेणी, देवळाची आवारं, देवराया, वीरगळ असलेल्या जागा, कातळशिल्पांचे (खडकावर कोरलेल्या जुन्या चित्रांचे) सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं, सगळ्याला सक्त मनाई पाहिजे, आणि मोडली तर मशीन जप्त. संरक्षित स्मारकाच्या भोवती शंभर मीटरचा प्रतिबंधित पट्टा कायद्यात आहेच, पण कोकणातल्या बहुतेक जुन्या जागा कुठल्याच यादीत नाहीत, त्यामुळे मनाई जागेच्या प्रकारावर हवी, यादीवर नको.

इथे मशीनबद्दल थोडं सांगायला पाहिजे कारण विकणारे ते सांगत नाहीत. डिटेक्टरची कॉइल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, धातूत त्यामुळे प्रवाह निर्माण होतात आणि त्याचा परतलेला इशारा मशीन वाचतं. पण आपला जांभा स्वतःच लोखंडानं भरलेला आहे. सड्यावर स्वस्तातलं मशीन चालू केलं की ते दर पावलाला ओरडतं. समुद्रावर वेगळी तऱ्हा, ओल्या वाळूत मिठाचं पाणी वीज वाहतं, आणि रत्नागिरीकडच्या किनाऱ्यांवर काळी वाळू म्हणजे इल्मेनाइट, तीही सिग्नल बिघडवते. चांगल्या मशीनमध्ये जमिनीप्रमाणे जुळवून घ्यायची सोय असते, एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरणारी किंवा पल्स इंडक्शनची, म्हणजे थांबून थांबून झटके सोडणारी, मशीनं अशा जागी बरी चालतात, ती महाग असतात. चार-पाच हजारांचं मशीन घेतलेल्या पोराला खोटा सिग्नल आणि खरा सिग्नल यातला फरक कळत नाही, तो प्रत्येक आवाजाला खड्डा करतो. सड्यावरच्या पातळ मातीखाली कातळशिल्प असेल तर कुदळीचा एक घाव पुरे. म्हणून मी म्हणतो की लायसन्स हवं आणि लायसन्सच्या आधी दोन दिवसांचं ट्रेनिंग हवं.

मोकळीक कुठे द्यायची? नांगरटीनं वरखाली झालेली शेताची वरची वीतभर माती, मालकाच्या लेखी परवानगीनं. आणि भरती-ओहोटीतली सुटी वाळू. तिथे जे मिळतं ते बहुतेक बाटल्यांची झाकणं, जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या, गलबताचा एखादा तांब्याचा खिळा, पर्यटकांची चिल्लर. पण अंगठ्याही मिळतात. काशीद, गणपतीपुळे, गुहागरला पाण्यात खेळताना हरवलेल्या अंगठ्या, साखळ्या, आणि विसर्जनाच्या गडबडीत मूर्तीबरोबर पाण्यात गेलेले दागिने. बाहेरच्या देशांत समुद्रावरचे हौशी लोक हेच काम सगळ्यात आनंदानं सांगतात, अंगठीवर कोरलेल्या नावावरून माणूस शोधून परत देणं. हे काम आपल्या पोरांनी केलं तर गावात त्यांच्याकडे बघण्याची नजरच बदलेल. वाळूच्या जुन्या टेकड्या मात्र यातून वगळायच्या. केळशीची टेकडी आठवा, उटंबरच्या खाडीकडची. त्या टेकडीत खापरं, कोळसा, नाणी मिळाली, डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठ्यांनी तिचा अभ्यास करून १५२४ साली समुद्रात आलेल्या मोठ्या हादऱ्याशी तिचा संबंध जोडला. वास्को द गामाचं आरमार दाभोळच्या आसपास होतं तेव्हा समुद्र हलल्याचं पोर्तुगीजांनी लिहून ठेवलंय. सगळ्या अभ्यासकांना हा तर्क पटलेला नाही, पण वाद करायला तरी जागा आहे, कारण थर जागेवर बघायला मिळाले. तिथे कुणी आधीच उकरून नाणी नेली असती तर वादही झाला नसता.

गुप्तधनाच्या वेडाचंही बोललं पाहिजे. पायाळू माणसाला जमिनीतलं दिसतं, धनावर नाग बसलेला असतो, राखणदाराला द्यावं लागतं, हे सगळं आपण लहानपणापासून ऐकतो. यातल्या राखणदाराच्या भीतीनं कितीतरी जुन्या जागा आजवर वाचल्या हे मी मान्य करतो, देवराईतल्या मूर्तींना त्यामुळेच कुणी हात लावत नाही. पण याच समजुतीतून मांत्रिक पोसले गेले, माणसांचे बळी गेले, आणि शेवटी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा करताना गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार त्यात गुन्हा म्हणून घालावे लागले. जमिनीत जे आहे त्याला आपल्या भाषेत एकतर धन म्हणतात नाहीतर बाधा, पुरावा म्हणायची सवयच नाही. ती सवय लागायची असेल तर लोकांना एकदा तरी असं दिसलं पाहिजे की अमक्याला अमुक मिळालं, त्यानं दाखवलं, त्याचं नाव लागलं, वस्तूखाली गावाचं नाव लिहिलं गेलं आणि त्याच्यामागे कुणी लागलं नाही.

असं होऊ शकतं का, तर कोकणात झालेलं आहे. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यावरची कातळशिल्पं जगापुढे आणली ती सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या माणसांनी. ही माणसं पुरातत्त्वाची पगारी नोकरदार नव्हती, सुट्टीच्या दिवशी सडे तुडवणारी होती. आणि त्यांना शिल्पं दाखवली कुणी? गुराख्यांनी, गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी, ज्यांना ती लहानपणापासून माहीत होती. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे ही नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. म्हणजे विश्वास असेल तर गाव बोलतं. तिथे शिल्पाला बाजारात किंमत नव्हती आणि उचलून नेता येत नव्हतं, म्हणून बोलणं सोपं गेलं हे खरं, नाण्याचं तितकं सोपं नाही. तरी सुरुवात करायला तेवढा अनुभव पुष्कळ आहे.

रत्नागिरीला थिबा राजवाड्यात राज्य पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे. तिथे एक नोंदणी अधिकारी बसवा, जो महिन्यातून एकदा दापोली, गुहागर, राजापूर, देवगड असा फिरेल, ग्रामपंचायतीत किंवा शाळेत टेबल टाकून बसेल, आणि ज्याच्याबरोबर पोलीस नसेल. त्याच्याकडे वजनकाटा, मोजपट्टी, चांगला कॅमेरा आणि छापील पावतीपुस्तक. आधी घरात असलेल्या जुन्या वस्तूंसाठी दोन वर्षांची मुदत द्या, या काळात जो दाखवेल त्याच्यावर गुन्हा नाही, वस्तू नोंदवून त्यालाच परत, आणि हे कायद्यात दुरुस्ती करून लिहून द्या, तोंडी सांगितलेलं कुणी मानणार नाही. नाण्यांचं वाचन करायला नाशिकजवळ अंजनेरीची नाणकशास्त्राची संस्था आहे, पुण्यात डेक्कन कॉलेज आहे, फोटो तिकडे पाठवता येतील. सरकारनं वस्तू ठेवून घेतली तर बाजारभाव द्या, आणि सामायिक जमीन असेल तर मालकाचा हिस्सा वाद मिटेपर्यंत बँकेत पडून राहू दे, शोधणाऱ्याचा हिस्सा मात्र अडकवू नका. जेसीबीच्या प्रत्येक परवानगीवर त्या अधिकाऱ्याचा फोन नंबर छापा. मुकादमाला बक्षीस द्या, कारण भांडं फुटतं तेव्हा तिथे हजर असणारा तोच असतो.

एका जिल्ह्यापुरता हा सगळा खर्च म्हणजे एक पगार, एक गाडी आणि थोडी छपाई. रत्नागिरीत दोन-तीन पावसाळे करून बघितलं की सिंधुदुर्ग-रायगडला न्यायचं की नाही ते कळेल. काकूंना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी एकच विचारलं, शिवराई घेऊन तर जाणार नाहीत ना. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग हळदीचा वाफा कुठला तो दाखवीन, अजून तिथेच हळद लावतो आम्ही.